तहकूब सभेचं एकमत

आमच्या विद्यापीठात संघटनेची सभा चार वाजता असली, की ती पाच वाजता असते. हे कुणी कुणाला सांगत नाही. घटनेत लिहिलं आहे की निम्म्याहून एक जास्त सभासद हजर नसतील तर सभा तासाभरासाठी तहकूब करावी, आणि मग त्याच जागी, जितके येतील तितक्यांत, उरकावी. ज्यानं हे कलम लिहिलं त्याला लोकांची सोय करायची असावी. लोकांनी ती करून घेतली. चार वाजता अठरा नंबरच्या सभागृहात फक्त खुर्च्या हजर असतात. सभासद रस्त्यापलीकडे मारिनच्या तळघरातल्या गुत्त्यात राकियाचे, म्हणजे कडक द्राक्षदारूचे, छोटे पेले समोर घेऊन बसलेले असतात आणि गणपूर्ती होत नसल्याबद्दल खेद व्यक्त करतात. पाचला त्यांतले काही वर येतात. बाकीच्यांचा खेद लांबतो.

मी या संघटनेचा जुना सभासद. भूगर्भशास्त्राच्या दगडांची खोली माझ्याकडे आहे. निवृत्तीचं वय कधीच मागं पडलं, पण खोलीची किल्ली घ्यायला दुसरं कुणी पुढं आलं नाही, म्हणून मी राहिलो. अठरा नंबरची किल्लीही त्याच जुडग्यात आहे, त्यामुळं प्रत्येक सभेला जाणं मला चुकत नाही. सगळे मला स्ताव्रीकाका म्हणतात, कुलगुरूसुद्धा.

त्या वर्षी द्राक्षं उतरून झाली आणि पुनर्रचना आली. ती आणली उपकुलगुरू बिसेरा पेंचेवा यांनी. बाई हुशार, नीटनेटक्या. परदेशातून एक मोठा तक्ता घेऊन आल्या होत्या. त्या तक्त्यात आमचे एकोणीस विभाग होते आणि बाण काढून त्यांचे सात केले होते. जुनी बल्गेरियन भाषा, भूगर्भशास्त्र आणि हॉटेल व्यवस्थापन या तिघांचे बाण एकाच चौकोनात शिरले. चौकोनाचं नाव होतं ‘वारसा आणि आतिथ्य’. मी, माझे दगड आणि जुनी भाषा मिळून वारसा झालो. हॉटेलवाले आतिथ्य झाले, आणि विभागप्रमुखही तेच झाले.

नुसते बाण असते तर कुणी एवढं मनावर घेतलं नसतं. पण तक्त्याखाली एक ओळ होती. प्रत्येकाचा कार्यभार दीडपट. ज्याचे तास तेवढे भरणार नाहीत, त्याची जागा सत्र संपताच बंद.

रुमेना मिंचेवा जुनी बल्गेरियन शिकवते. पन्नाशी ओलांडलेली, बारीक अंगाची, खडूनं पांढऱ्या झालेल्या बाहीची. तिच्या विषयाला तीन विद्यार्थी आहेत, आणि ते तिघंही खरोखर येतात, ही आमच्याकडं मोठी गोष्ट आहे. तेवढ्यावर तिचा भार कधीच भरला नसता. तो भरायचा भाषाशुद्धीच्या तासांनी. पहिल्या वर्षाच्या सगळ्या पोरांना भाषाशुद्धी घ्यावी लागते. त्या तासांच्या आडोशानं ती आपले तीन विद्यार्थी सांभाळून होती. दीडपट भार झाला असता तर आडोसा पुरला नसता. दुसऱ्या कुठल्या गावात जाऊन हा विषय शिकवावा म्हटलं, तर दुसऱ्या कुठल्या गावाला तो नकोच होता.

एकच वाट होती. विद्यापीठाच्या आणि संघटनेच्या करारात म्हटलं होतं की कार्यभार बदलायचा तर संघटनेच्या सर्वसाधारण सभेचं मत घ्यावं. सभेनं ठरलेल्या शुक्रवारी दुपारपर्यंत ‘नाही’ कळवलं तर बदल थांबेल. काहीच कळवलं नाही तर गप्प बसणं हा होकार धरला जाईल.

“आम्ही आणि गप्प?” ओग्नयान बाकालोव्ह शनिवारी मारिनच्या तळघरात उभा राहून म्हणाला. तो संघटनेचा अध्यक्ष. भूगोलाचा माणूस, छाती रुंद, आवाज त्याहून रुंद. “कोलेगा, एक तास! एक तासही जास्त घेणार नाही आपण! आपण काय वीटभट्टीवर आहोत?”

आमच्याकडं प्राध्यापक एकमेकांना कोलेगा म्हणतात. प्रेमात असताना म्हणतात, भांडताना म्हणतात. काही मागायचं असलं की फार गोड म्हणतात.

“एक तासही नाही!” भौतिकशास्त्राचा ल्युबेन ओरडला. त्याच्यापुढं आतड्यांच्या सुपाचा वाडगा होता आणि त्यात तो लसूण घालत होता.

“गुरुवारी सभा,” ओग्नयान म्हणाला. “चार वाजता. प्रत्येकानं यायचं. आजारी असाल तर आजारी या.”

“चार म्हणजे चारला?” रुमेनानं विचारलं.

सगळे हसले. तिनं गंमत केली असं त्यांना वाटलं.

“अगं, तुझ्यासाठीच तर हे सगळं,” ओग्नयान तिच्या पेल्याला पेला लावत म्हणाला. “तू निर्धास्त राहा. तुझ्यामागं दोनशे माणसं आहेत.”

“मागं आहेत हे मला दिसतंच,” रुमेना म्हणाली. “पुढं कोण आहे ते विचारत होते.”

सोमवारी सकाळी प्रशासनाच्या फलकावर रिकाम्या तासिका लागल्या. भाषाशुद्धी कुठल्याच चौकोनात बसली नव्हती, म्हणून तिचे तासही त्यांत होते. ज्यांना नवा भार भरायचा असेल त्यांनी समोर नाव लिहावं, असं खाली होतं. आता हे नाव लिहिणं म्हणजे नव्या भाराला होकार नव्हे, असं प्रत्येकजण म्हणत होता. तो फक्त सावधपणा. समजा, चुकून, आपली इच्छा नसताना, सभा फसली तर? माणसानं एक पाय तरी कोरड्यावर ठेवायला हवा.

दुपारपर्यंत फलक भरला. मी दगड पुसायचं फडकं धुवायला जायच्या निमित्तानं दोनदा तिथून गेलो. ल्युबेननं ‘हॉटेलातील उष्णता’ हा विषय घेतला होता. लॅटिनच्या बाईंनी ‘खाद्यपदार्थांची नावे’. गणिताच्या दोघांत ‘पाहुण्यांची मोजदाद’ या विषयावरून इतकी बाचाबाची झाली की एकानं दुसऱ्याला तीनदा कोलेगा म्हटलं. ज्यांनी शनिवारी एक तासही जास्त घेणार नाही म्हटलं होतं, ते सोमवारी एका तासासाठी एकमेकांची पेन्सिल लपवत होते.

मागाहून लोक म्हणाले की हा पेंचेवाबाईंचा डाव होता, कारण रिकाम्या तासिका बहुतेक सगळ्या गुरुवारी पाचच्या होत्या. मला तसं वाटत नाही. गुरुवारी पाचला कुणालाच शिकवायचं नसतं, म्हणून तेवढ्याच रिकाम्या राहिल्या होत्या. डाव टाकायला आधी समोरचा काय करील हे ठाऊक लागतं. आम्ही काय करू हे आमचं आम्हालाच ठाऊक नव्हतं.

मंगळवारी माझ्या दगडांच्या खोलीसमोर रुमेनानं ओग्नयानला गाठलं. माझं दार उघडं होतं. मी ते लावलं नाही.

“कोलेगा मिंचेवा,” तो फार गोड म्हणाला, “मी तुलाच शोधत होतो.”

“मी सापडले. भाषाशुद्धी तू घेतलीस?”

“फक्त कागदावर.”

“पहिल्या वर्षाच्या चारही तुकड्या. तू. भूगोलाचा.”

“भूगोल म्हणजे शेवटी काय? नावं. नद्यांची, डोंगरांची, खेड्यांची. आणि नावं म्हणजे भाषा.”

“मग मी तुझ्या नद्या शिकवू का? त्यांनाही नावं आहेत.”

“अगं, तू मनाला लावून घेतेस.” त्यानं आवाज उतरवला, म्हणजे तो फक्त जिन्यापर्यंत ऐकू गेला. “विद्यार्थी नाहीत मला यंदा. नकाशे कोण शिकतंय? दीडपट भार आला तर मीही गेलो. गुरुवारी आपण ‘नाही’ म्हटलं की जुनं सगळं परत. मग मला तुझे तास कशाला लागतात? मी ते सांभाळून ठेवतोय असं समज.”

“आणि ‘नाही’ म्हटलं गेलं नाही तर?”

“का नाही म्हटलं जाणार? दोनशे माणसं!”

“तुझा हा सांभाळलेला तास गुरुवारी किती वाजता आहे?”

ओग्नयान खोकला. माझ्या दारातून आत बघून त्यानं एका ग्रॅनाइटच्या तुकड्याची चौकशी केली. मग म्हणाला, “पाचला.”

“आणि सभा?”

“सभा चारला आहे,” तो ठामपणे म्हणाला. “सूचनेत स्पष्ट लिहिलंय.”

गुरुवारी नदीवरून धुकं आलं होतं आणि दिवे लवकर लावावे लागले. मी पावणेचारला अठरा नंबर उघडलं. रुमेना बाहेर उभीच होती. इतक्या वर्षांत चारच्या आधी कुणी आलेलं मी पाहिलं नव्हतं. मला क्षणभर वाटलं, ती दुसऱ्या कुठल्या सभेला आलीय.

ती पहिल्या रांगेत बसली. चार वाजले. जिन्यावर पाऊल वाजलं, पण ते वरच्या मजल्यावर गेलं. पाच-सात मिनिटांनी ती उठली.

“काका, दार उघडं ठेवा. मी त्यांना घेऊन येते.”

मीही तिच्यामागं गेलो. ती कशी आणते ते मला बघायचं होतं.

मारिनचं तळघर भरून वाहत होतं. बाकांवर जागा नव्हती, लोक पिंपांवर टेकले होते. खारवलेल्या कोबीचा आणि ओल्या कोटांचा वास येत होता. ओग्नयाननं मस्त लागलेल्या आवाजात गाणं धरलं होतं. मी माझ्या आयुष्यात संघटना एवढ्या संख्येनं एका छताखाली बघितली नव्हती.

“ऐका!” रुमेना पायरीवर उभी राहून म्हणाली. “तुम्ही सगळे इथं आहात. निम्म्याहून जास्त आहात. आत्ता वर आलात तर गणपूर्ती होते. दहा मिनिटांचं काम आहे. हात वर करा आणि खाली या, सूप गार होणार नाही.”

गाणं थांबलं. लोक तिच्याकडं अशा नजरेनं बघू लागले, जसं काही ती त्यांना अनवाणी नदीत उतरा म्हणत होती.

“आत्ता?” ल्युबेन म्हणाला. “आत्ता चार वाजलेत.”

“सभा चारलाच आहे.”

“कोलेगा, चारला सभा नसते,” लॅटिनच्या बाई समजुतीनं म्हणाल्या. “चारला गणपूर्ती होत नाही.”

“तुम्ही गेलात तर होईल!”

“हो, पण मग पाचला येणाऱ्यांचं काय?” गणिताचा एकजण म्हणाला. “ते येतील आणि सभा संपलेली असेल. त्यांच्यावर अन्याय नाही का हा?”

“कोण येणार आहे पाचला?”

“आम्हीच,” गणिताचा म्हणाला. मग त्याला आपला पाचचा तास आठवला आणि त्यानं पाव सुपात बुडवला.

“ओग्नयान,” रुमेना अध्यक्षाकडं वळली. “तू तरी चल.”

“रुमे, पद्धत म्हणून एक असते,” ओग्नयान म्हणाला, आणि खरंच तो दुखावल्यासारखा दिसला. “मी चारला वर जाऊन बसलो तर लोक म्हणतील अध्यक्षाला आपल्या सभासदांवर विश्वास नाही.”

साडेचार झाले, पावणेपाच झाले. तेव्हा एकेकाला कोट सापडू लागला. कुणी घड्याळ बघितलं, कुणी दुसऱ्याच्या कानात बोललं. “तू आहेस ना वर? माझंही मत धर.” “मी? मला उष्णता शिकवायचीय. तू आहेस ना?” “माझी खाद्यपदार्थांची नावं पाचला.” “मग ओग्नयान असेलच.” ओग्नयान भाषाशुद्धीची जाड पुस्तकं बगलेत मारून जिन्याकडून नव्हे तर स्वयंपाकघराच्या दारानं बाहेर पडला. ती पुस्तकं रुमेनानंच लिहिलेली होती.

पाच वाजता आम्ही दोघं अठरा नंबरमध्ये होतो. सगळ्या इमारतीत दिवे लागले होते आणि सगळ्या वर्गांतून शिकवण्याचे आवाज येत होते. कार्यभार जास्त झाल्याचा निषेध करायला आमच्या माणसांना कार्यभारातून सवड नव्हती.

“आता?” रुमेना म्हणाली.

“आता सभा,” मी म्हणालो. “अध्यक्ष नसेल तर वयानं सगळ्यांत मोठा असेल त्यानं चालवायची. तसा मी इथं मोठा दिसतोय.”

ती हसणार होती, तेवढ्यात दार उघडलं. उपकुलगुरू पेंचेवा आत आल्या. अंगात लोकरीचा कोट, हातात फोन. त्या अजूनही आमच्या सभासद होत्या. समुद्रकाठी संघटनेचं विश्रामगृह आहे, तिथली खोली सभासदालाच मिळते, त्यामुळं वर गेलेली माणसंही संघटना सोडत नाहीत.

त्यांनी रिकाम्या खुर्च्यांवरून नजर फिरवली आणि चेहरा शक्य तितका दुःखी केला.

“कुणीच नाही? अरेरे. म्हणजे सभा रद्द ना, स्ताव्रीकाका?”

“तहकूब होती, मॅडम. आता सुरू होतेय. बसा.”

“तीन माणसांत?”

“जितके येतील तितक्यांत.”

“हा पोरखेळ आहे.” त्यांचा आवाज जरा चढला. “तीन माणसं दोनशे माणसांच्या वतीनं ठरवणार?”

“बिसेरा,” रुमेना शांतपणे म्हणाली, “तू संघटनेची चिटणीस म्हणून निवडून आलीस तेव्हा आम्ही पाचजण होतो. त्यातला एक मारिन होता. तो कुणाला तरी विसरलेली टोपी द्यायला आला होता आणि त्यानंही हात वर केला.”

 ‘हो’ म्हणणारी माणसं गोळा करायला पेंचेवाबाईंनी फोन लावला. लेखा विभागाला लावला, तो उचलला गेला नाही, लेखा विभाग पाचला घरी असतो. वाहन विभागाला लावला. तिथल्या माणसानं विचारलं, “कुठली सभा? ती तर चारला होती ना?” मग त्यांनी एका विभागप्रमुखाला लावला, आणि भिंतीपलीकडच्या वर्गात तो वाजला, आणि बंद झाला.

त्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून विचार करत उभ्या राहिल्या. मला त्यांचा हिशोब दिसत होता. थांबून विरोध केला तर उद्या सगळ्या विद्यापीठात बोभाटा होईल की उपकुलगुरू संघटनेच्या सभेत बसून संघटनेविरुद्ध हात वर करतात, आणि वर दोघांपुढं हरतात. न थांबावं तर काय, रिकाम्या खोलीत एक बाई आणि एक म्हातारा.

“माझी हजेरी धरू नका,” त्या म्हणाल्या. “मी इथं आलेच नव्हते.”

“नाही धरत,” मी म्हणालो.

त्या गेल्या. मी ठराव वाचला: नव्या कार्यभाराला ही सभा नाही म्हणते. रुमेना माझ्याकडं बघत होती. तिनं मला विनवलं नाही. एवढ्या दिवसांत तिनं मला एकदाही विनवलं नव्हतं, आणि मला वाटतं म्हणूनच माझ्या हाताला जडपण आलं नाही. माझं या वयात कुणी काही वाढवणार किंवा कमी करणार नव्हतं. पण तिनं सकाळी वर्गात जाताना बाहीवरचा कालचा खडू झटकावा, आणि संध्याकाळी तिथंच नवा असावा, हे मला इतकी वर्षं बघायची सवय होती. मी हात वर केला. तिनंही केला, शाळेतल्या मुलीसारखा ताठ, कोपर न वाकवता.

“विरोधात?” मी खुर्च्यांना विचारलं. “तटस्थ?” खुर्च्या तटस्थ होत्या, पण त्यांना मत नव्हतं. “ठराव एकमतानं मंजूर.”

आमच्याकडं तहकूब सभेच्या इतिवृत्तात आकडा लिहीत नाहीत. आकडा लिहिण्यासारखा कधी नसतोच. ‘उपस्थित सभासदांच्या बहुमताने’ एवढंच लिहितात. मी ‘एकमताने’ लिहिलं.

शुक्रवारी सकाळी कुलगुरूंनी ते वाचलं, आणि त्यांच्या चिटणीसबाई सांगतात की ते उठून खिडकीशी गेले. एकमत हा शब्द आमच्या संघटनेच्या कागदावर पूर्वी कधी आला नव्हता. नववर्षाच्या जेवणात डुक्कर असावं की मासा, यावरही आमचं एकमत झालेलं नाही. ते म्हणाले, “सगळे? एकही फुटला नाही?” पेंचेवाबाई शेजारी उभ्या होत्या. दोघंच होते असं म्हणावं, तर त्यांना कसं कळलं असा प्रश्न आला असता. शिवाय पुनर्रचनेचा तक्ताही विद्यापरिषदेच्या तहकूब सभेतच मंजूर झाला होता, आणि तिथं किती होते हे कुणी विचारू नये असं त्यांना वाटत असावं. त्या म्हणाल्या, “वातावरण फार तापलेलं होतं.”

दुपारी नवा कार्यभार मागं घेतला गेला. चौकोन तसाच राहिला. मी अजूनही वारसा आहे.

संध्याकाळी मारिनच्या तळघरात विजय साजरा झाला.

“मी हात वर केला तेव्हा माझ्या मागची अख्खी रांग उठली,” ल्युबेन म्हणाला.

“कुठल्या रांगेत होतात तुम्ही?” लॅटिनच्या बाईंनी विचारलं. “मी तर खांबामागं होते, मला दिसला नाहीत.”

अठरा नंबरमध्ये खांब नाही. पण कुणी काही बोललं नाही, कारण प्रत्येकाला वाटत होतं की आपण सोडून बाकीचे खरंच तिथं होते, आणि त्यांना खांब असला तर माहीत असणार.

ओग्नयाननं मला कोपऱ्यात घेतलं. “काका, खरं सांगा, किती होते?”

“पुरेसे होते.”

“मी पाच मिनिटं उशिरा आलो,” तो म्हणाला. “दारातून बघितलं. पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून परत गेलो.”

मी त्याला राकिया दिली. त्याला तिची गरज होती.

इथपर्यंत रुमेना जिंकली होती. सोमवारी कळलं की तसं नाही. कार्यभार जुना झाला, पण वेळापत्रक एकदा लागलं की सत्र संपेपर्यंत हलत नाही. भाषाशुद्धी ओग्नयानच्या नावावर होती आणि तिथंच राहणार होती. तिच्या हातात उरले तीन विद्यार्थी, आणि तेवढ्यावर जुना भारही भरत नव्हता; न भरलेली जागा बंद करायची अट तर तशीच होती. ज्या ‘नाही’मुळं सगळ्यांच्या जागा वाचल्या, त्यांत एक तिचीच नव्हती.

ओग्नयानला ते कळलं तेव्हा तो खरंच अस्वस्थ झाला. दोन दिवस त्यानं गाणं म्हटलं नाही. तिसऱ्या दिवशी तो उजळ चेहऱ्यानं माझ्या खोलीत आला. रुमेना तिथंच चहा पीत बसली होती.

“मी अध्यक्षपद सोडतो,” तो म्हणाला. “तू घे.”

“मला तास हवेत, ओग्नयान. पद नको.”

“ऐक तर. निवडून आलेल्या अध्यक्षाला विद्यापीठ काढू शकत नाही, कायदा आहे, मी काल पहिल्यांदा वाचला. आणि मागितलं तर अध्यक्षपद हाच पूर्ण कार्यभार धरतात. तुला एकही तास भरावा लागणार नाही!”

“आणि माझे तिघं?”

“त्यांना मी घेईन,” तो उदारपणे म्हणाला. “अध्यक्षाचे तास तेवढे मधेच दुसऱ्याला देता येतात, आणि तू घेऊ शकणार नाहीस ना. पूर्ण भारावर एक जरी तास घेतलास तर तो जादा होईल. जादा भाराला तर आपण एकमतानं नाही म्हटलंय.”

रुमेनानं चहाचा कप खाली ठेवला. 

“म्हणजे मी शिकवू नये म्हणून मला संरक्षण मिळणार.”

“कोलेगा, कुणी काढू तर शकणार नाही ना तुला!”

ती हो म्हणाली. दुसरं काय म्हणणार होती? सगळ्यांनी तिला निवडून दिलं. त्यांना तिच्याबद्दल आदर होता, आणि कशाबद्दल ते कुणी नक्की सांगू शकत नव्हतं.

संघटनेची खोली माझ्या खोलीशेजारी आहे. टेबल, दोन खुर्च्या, जुन्या मोर्चांचे झेंडे. नवी अध्यक्ष रोज सकाळी येऊन त्या टेबलाशी बसायची. लोक तक्रारी घेऊन यायचे, ती त्या नीट ऐकायची. तिची बाही आता दिवसभर काळीच राहायची.

डिसेंबरात एका दुपारी तिच्या तिघांपैकी विहरा नावाची मुलगी दारात आली.

“बाई, एकच विचारू? ते अक्षर, नाकातला स्वर होता ते. बाकालोव्ह सर म्हणतात ते नकाशातल्या पवनचक्कीसारखं दिसतं, तसं लक्षात ठेवा. पण उच्चार कसा करायचा?”

“पवनचक्की?” रुमेना म्हणाली. “आणि उच्चार?”

“सर म्हणतात, पवनचक्कीचा उच्चार करत नाहीत.”

रुमेना उठली. फळा नव्हता, म्हणून तिनं एका झेंड्याच्या काळ्या पाठीवर माझ्याकडच्या खडूच्या दगडाच्या तुकड्यानं ते अक्षर काढलं, आणि नाकातून तो स्वर म्हणून दाखवला. शेकडो वर्षांपूर्वी लोकांच्या तोंडून गेलेला स्वर. विहरानं म्हटला, चुकला. तिनं पुन्हा म्हटला. दहा मिनिटांत बाकीचे दोघंही कुठून तरी येऊन दारात उभे राहिले, आणि चौघांचा गुणगुणाट माझ्या दगडांपर्यंत पोचला.

ओग्नयान वर्गातून त्यांना शोधत आला. दारात थांबला. झेंड्यावरचं अक्षर त्यानं बघितलं आणि त्याचा चेहरा पडला.

“कोलेगा अध्यक्ष,” तो म्हणाला. “हा माझा तास आहे.”

“तुझाच आहे.”

“मग ही माझ्या कार्यभारातली ढवळाढवळ झाली. शिवाय तुझा जादा भार झाला. मला संघटनेकडं तक्रार करावी लागेल.”

“कर ना. संघटना इथंच आहे.”

“तुझ्याविरुद्ध आहे तक्रार.”

“समजलं. कारवाई म्हणून मला काढायचं असेल तर विद्यापीठाला विचार.” ती खुर्चीवरचे कागद उचलून विहराला जागा करत होती. “काढता येत नाही म्हणतात.”

तो दारातच उभा राहिला. त्याला राग आला होता असं नाही. तो ओठ न हलवता, हळूच, तो स्वर म्हणून बघत होता आणि त्याला तो जमत नव्हता.

“बाहेर बस जरा, ओग्नयान,” ती म्हणाली. “तास संपला की तुझी तक्रार घेते.”

आणि तिनं दार लावलं. तो बाकावर बसून राहिला. मी त्याला चहा नेऊन दिला. आत तास चालला होता, कुणाच्याच कार्यभारात न धरलेला, आणि तो लवकर संपेल असं काही दिसत नव्हतं.